तबकडीवरील मुक्तकें

कलेच्या इतिहासांत मोठ्या कृतींस मोठी जागा मिळते, हें स्वाभाविकच आहे. महाकाव्यांची चर्चा शतकानुशतकें चालते. उलटपक्षीं चार चरणांची एखादी रचना आपल्या कर्त्याच्या गांवाची वेसदेखील ओलांडीत नाहीं. टीकाकाराचा वेळ मर्यादित, आयुष्यहि मर्यादित. तेव्हां त्यानें मोठें तेवढेंच पाहावें, असा युक्तिवाद कोणी केला तर तो एकदम खोडून काढतां येत नाहीं. तथापि ज्या कलाप्रकाराचा लहानपण हाच मुळीं प्रकृतिधर्म आहे, त्याचें काय करावयाचें? अशा एका प्रकाराचा आणि त्याच्या संग्राहकांचा विचार येथें करावयाचा आहे. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत सुमारें १९७५ पासून १९८२ पर्यंत 'पंक' आणि 'न्यू वेव्ह' या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या संगीताच्या असंख्य लहान तबकड्या निघाल्या. त्यांपैकीं थोड्या गाजल्या. बाकीच्या बहुतेक विस्मृतींत गेल्या. त्या शोधून काढणारे लोक मात्र आजहि आहेत. त्यांतले कांहीं जण हातीं लागलेली तबकडी कुलपांत ठेवतात, कांहीं जण ती चार जणांस ऐकवितात. या दोन वर्गांतील भेद केवळ स्वभावाचा नसून रसिकतेच्या कल्पनेचा आहे, असें आम्हांस वाटतें. आणि त्या भेदाचा निवाडा करतां आला तर करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वस्तु कोणती तें सांगितलें पाहिजे. सात इंच व्यासाची, मिनिटास ४५ फेरे घेणारी ही तबकडी आरसीए व्हिक्टर कंपनीनें १९४९ सालीं अमेरिकेंत बाजारांत आणली. तिच्या एकेका बाजूस साधारणतः तीन-चार मिनिटांचें एक गाणें मावतें, म्हणून तिला 'सिंगल' म्हणतात. आपल्याकडील जुन्या नाट्यपदांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या असतील, त्यांस या मर्यादेचा परिचय आहेच. तीन मिनिटें झालीं कीं सुई मधल्या मोकळ्या भागाकडे घसरते. तासभर गाणाऱ्या गवयासहि आपलें सांगणें तेवढ्यांत आटोपावें लागे. १९७० नंतरचें पाश्चात्य रॉक संगीत मात्र उलट दिशेनें वाढत चाललें होतें. गाणीं लांबलीं, वाद्यमेळ अवजड झाला, ध्वनिमुद्रणास महिने लागूं लागले, आणि तबकडी काढणें ही मोठ्या कंपनीच्या कृपेवांचून न घडणारी गोष्ट होऊन बसली. पंक या नांवानें जें बंड झालें तें या अवजडपणाविरुद्ध होतें. गिटारवर तीन स्वरमेळ धरतां आले तरी पुरेत, दोन मिनिटें मिळालीं तरी पुरेत. पण सांगावयाचें तें आतांच आणि मोठ्यानें सांगावयाचें, असा त्याचा बाणा होता. पाठोपाठ आलेल्या 'नव्या लाटे'नें हा बाणा राखून सुरावटींत, वाद्यांत आणि विषयांत अधिक प्रयोग केले. दोहोंसहि सात इंची तबकडी हेंच योग्य वाहन सांपडलें.

आपल्या साहित्यशास्त्रांत अशा रचनेस एक नेमकें नांव आहे : मुक्तक. मागच्या-पुढच्या श्लोकाची अपेक्षा न ठेवतां जें आपल्यापुरता पूर्ण रसास्वाद देतें, तें मुक्तक. अमरूचें एकेक मुक्तक रसाच्या दृष्टीनें प्रबंधाच्या तोलाचें आहे, अशा अर्थाचा आनंदवर्धनाचा अभिप्राय प्रसिद्धच आहे. हा निकष येथें लावून पाहण्यास हरकत नाहीं. मँचेस्टरच्या बझकॉक्स या वादकवृंदानें २८ डिसेंबर १९७६ रोजीं एका दिवसांत चार गाणीं ध्वनिमुद्रित केलीं, आणि पुढच्याच महिन्यांत तीं 'स्पायरल स्क्रॅच' या नांवानें स्वतः प्रसिद्ध केलीं. भांडवल ५०० पौंडांचें, तेंहि उसनें. पहिल्या प्रती १,०००. त्यांतील 'बोअरडम' या गाण्याचा विषय नांवाप्रमाणेंच कंटाळा हा आहे. गाण्याच्या मध्यें गिटारचें एकल वादन येतें. त्या काळच्या रॉक संगीतांत एकल वादन म्हणजे वादकाच्या बोटांची कसरत दाखविण्याची जागा. येथें मात्र वादक दोनच स्वर घेतो आणि तेच पुनःपुन्हां, हट्टानें वाजवीत राहतो. ऐकणारा अधिकाची वाट पाहतो, आणि तें येत नाहीं. कंटाळ्याचें वर्णन करण्याऐवजीं स्वरांच्या दारिद्र्यानें तो प्रतीत करून दिला आहे. यास ध्वनि म्हणावयाचें नाहीं तर कशास म्हणावयाचें?

या तबकड्यांचा अर्धा अर्थ त्यांच्या वेष्टनांवर असतो, हें लक्षांत न घेतां त्यांची परीक्षा करणें अपुरें होईल. 'स्पायरल स्क्रॅच'च्या वेष्टनावर प्रत्येक गाणें कितव्या प्रयत्नांत साधलें, आणि त्यावर मागाहून कोणतें वादन चढविलें, हें छापलें आहे. लंडनचा डेस्परेट बायसिकल्स हा वृंद तर मार्च १९७७ मध्यें स्वतःची तबकडी काढावयाची एवढ्याच हेतूनें एकत्र आला. 'स्मोकस्क्रीन' ही त्याची पहिली तबकडी. दुसऱ्या तबकडीच्या वेष्टनावर त्यानें पहिलीचा एकंदर खर्च १५३ पौंड आल्याचें सांगितलें, आणि तुम्ही अजून आपली तबकडी कां काढली नाहीं, अशी थेट विचारणा श्रोत्यांस केली. स्क्रिटी पोलिटी या वृंदानें १९७८ सालीं 'स्कँक ब्लॉक बोलोन्या' ही तबकडी काढली, तेव्हां ध्वनिमुद्रण, तबकडीचा सांचा, छपाई, लेबलें यांचा खर्च कलमवार वेष्टनावर दिला. वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या शाळकरी पोरांच्या वृंदानें आपली वेष्टनें घरींच कातरून, दुमडून, चिकटवून १९८० सालीं १,००० तबकड्या बाजारांत आणल्या. त्यांतूनच डिस्कॉर्ड ही पुढें नांवारूपास आलेली प्रकाशनसंस्था जन्मली.

कलावंतानें आपल्या कृतीचा जमाखर्च रसिकापुढें मांडावा, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते. सामान्यतः कलावंत आपले श्रम झांकतो आणि सिद्धि तेवढी दाखवितो. कारागिराचीं हत्यारें दिसूं नयेत, असा संकेतच आहे. येथें हत्यारें दाखविलीं, त्यांची किंमत सांगितली, आणि तीं कोठें मिळतात याचा पत्ताहि दिला. म्हणजे श्रोता हा केवळ श्रोता राहावा अशी या कृतीची इच्छाच नाहीं. एका तबकडीनें दुसरी तबकडी जन्मास घालावी, हा तिच्या अर्थाचाच एक भाग आहे. पुढें संग्राहकांविषयीं जें म्हणावयाचें आहे, त्याचा पाया हाच आहे.

कोणी म्हणेल, हें सर्व खरें. परंतु वाजविणें येत नसतां तबकडी काढणें हा कलेचा उपमर्द नव्हे काय? शंका गैरवाजवी नाहीं. तिचें उत्तर एका उदाहरणानेंच देणें बरें. क्लॅश या गाजलेल्या वृंदानें १९७७ सालीं 'व्हाइट रायट' या गाण्यांत दंगलीची हांक दिली होती. लीड्स येथील मीकॉन्स या विद्यार्थ्यांच्या वृंदानें १९७८ सालीं एडिंबरोच्या फास्ट प्रॉडक्ट संस्थेमार्फत 'नेव्हर बीन इन अ रायट' ही तबकडी काढली. आपण कधीं दंगलींत सांपडलोंच नाहीं, असा तिच्या नांवाचा अर्थ. वीररसाच्या गर्जनेस एका भित्र्या, प्रामाणिक मुलानें दिलेलें हें उत्तर आहे. त्यांत ताल डगमगतो, गाणारा सुराच्या कांठाकांठानें चालतो, आणि वाद्यें एकमेकांची वाट पाहत असल्यासारखीं वाटतात. हेंच गाणें कसलेल्या वादकांनीं सफाईनें वाजविलें असतें तर तें केवळ विडंबन झालें असतें. डळमळीत वाजविल्यामुळें तें कबुली झालें आहे. क्षेमेंद्रानें औचित्यास रसाचें जीवित म्हटलें. त्या औचित्याच्या बळावर येथें दोषच गुणाच्या पदवीस चढला आहे.

परंतु या न्यायानें सर्वच बेसूर तबकड्यांस आश्रय देतां येणार नाहीं, हेंहि तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. या ढिगांत अनुकरणाचा भरणा मोठा आहे. गाजलेल्या वृंदांचा आवेश, त्यांचेच उच्चार, त्यांचाच राग उसना घेऊन काढलेल्या तबकड्या पुष्कळ आहेत. बंडखोरीचीहि एक रूढि होते, आणि रूढ बंडखोरीइतकें कंटाळवाणें दुसरें कांहीं नसतें. ज्यास वाजवितां येत नाहीं आणि सांगावयासहि कांहीं नाहीं, त्याचें धाडस कौतुकास पात्र असेल, पण त्याची तबकडी ऐकण्यास पात्र ठरत नाहीं. म्हणूनच येथें निवडीची, म्हणजेच टीकेची, गरज मोठ्या कृतींच्या क्षेत्रापेक्षां अधिक आहे. महाकाव्यास काळानें चाळणी लावलेली असते. या तबकड्यांस ती लावण्याइतकीं माणसेंच त्यांच्यापर्यंत पोंचलीं नाहींत.

ही चाळणी पहिल्यानें संग्राहकाच्या हातीं असते. त्याच्या विद्येचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतु नाहीं. पोथ्यांचा अभ्यासक जसा हस्ताक्षरावरून, कागदावरून, लेखकाच्या समाप्तिलेखावरून प्रतीची परंपरा ठरवितो, तसा हा तबकडीच्या खांचा संपून लेबल सुरू होण्यापूर्वींच्या मोकळ्या पट्टींत कोरलेले आंकडे भिंगानें वाचतो. त्या आंकड्यांवरून मूळ सांचा कोणता, छपाई पहिली कीं दुसरी, हें त्यास कळतें. कधीं सांचा कोरणारा कारागीर तेथें आपली खूण ठेवून जातो. लंडनचा जॉर्ज पेकम आपल्या हातच्या तबकड्यांवर 'पोर्की' हें टोपणनांव कोरीत असे, आणि ती खूण दिसतांच जाणकाराचे डोळे चमकतात. लेबलावर नांव-गांव कांहीं नसलेल्या तबकडीचे कर्ते पत्रव्यवहार करून हुडकून काढणारे संग्राहक आहेत. हें संशोधनच होय, आणि तें बहुधा पदरमोड करून झालेलें आहे.

या विद्येस जें दूषण लागतें तें दुर्मिळतेच्या मोहानें. प्रती थोड्या, म्हणून किंमत मोठी. किंमत मोठी, म्हणून वस्तु थोर, अशी ही तर्काची घसरगुंडी आहे. तिचें उत्तम खंडन एका प्रसिद्ध तबकडीच्या इतिहासांतच सांपडतें. सेक्स पिस्टल्स या वृंदाशीं ए. अँड एम. कंपनीनें मार्च १९७७ मध्यें करार केला आणि आठवड्याच्या आंत तो मोडला. 'गॉड सेव्ह द क्वीन' या त्यांच्या तबकडीच्या सुमारें २५,००० प्रती तयार होत्या. त्या जवळजवळ सर्व नष्ट करण्यांत आल्या. वांचलेल्या मूठभर प्रतींसाठीं संग्राहकांनीं हजारों पौंड मोजले आहेत. तेंच गाणें व्हर्जिन कंपनीनें मे महिन्यांत काढलें आणि तें ब्रिटनच्या विक्रीच्या यादींत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोंचलें. त्या प्रती मुबलक आहेत. गाणें एकच, राग तोच, उपरोध तोच. मग पहिल्या प्रतींत जें अधिक आहे तें काय? एका कंपनीची घाबरगुंडी. दुर्मिळता हा अपघात आहे. तो इतिहासकाराच्या टिपणांत शोभतो, रसिकाच्या तराजूंत त्याला वजन नाहीं.

ज्या तबकड्या ५०० किंवा १,००० एवढ्याच निघाल्या, त्यांची दुर्मिळता याहून निराळी आहे. कर्त्यांपाशीं पैसा तेवढाच होता, म्हणून प्रती तेवढ्याच निघाल्या. त्यांत दुर्मिळ होण्याची हौस नव्हती. उलट वेष्टनावर खर्चाचा तक्ता छापून अधिकांत अधिक लोकांनीं असेंच करावें, अशी विनवणी होती. अशी तबकडी कुलपांत ठेवून, ती फक्त आपल्याजवळ आहे याचा अभिमान बाळगणारा मनुष्य तिचा मालक असेल. तिचा वाचक मात्र नव्हे. दानपत्र हस्तगत करून त्यांतील दान स्वतःच गिळणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिति आहे.

वांटण्याची कल्पना संग्राहकांनीं बाहेरून आणलेली नाहीं. ती या संगीताच्या पोटांतच होती. इंग्लंडांतील इन्स्टंट ऑटोमॅटन्स हा वृंद आपलें गाणें विकतच नसे. कोरी कॅसेट आणि परतीचा तिकिटें लावलेला लिफाफा पाठवावा, म्हणजे ते तिच्यावर गाणीं भरून परत धाडीत. पुढें संग्राहकांनीं एकमेकांस कॅसेटी भरून पाठविल्या, त्या याच वळणाच्या. आणि त्यांतूनच संकलनें निघालीं. या संकलनांची परीक्षा करणें अगत्याचें आहे, कारण आज या तबकड्या बहुतेकांस त्यांच्याच द्वारें भेटतात.

त्यांचा आदर्श म्हणावा असें संकलन पंकच्याहि आधींचें आहे. १९७२ सालीं लेनी के यानें 'नगेट्स' या नांवानें १९६५ ते १९६८ मधल्या अमेरिकन वृंदांचीं २७ विसरलेलीं गाणीं दोन मोठ्या तबकड्यांवर एकत्र केलीं. दोनच वर्षांनीं, १९७४ सालीं, कवयित्री पॅटी स्मिथ हिनें आपली पहिली तबकडी खाजगी रीतीनें काढली. तींत गिटार वाजविणारा हाच लेनी के होता. जुन्या लहान तबकड्या ज्यानें वेंचल्या, त्याच्याच हातून नव्या लहान तबकड्यांच्या युगास आरंभ व्हावा, ही घटना बोलकी आहे. चांगला संग्रह भूतकाळाकडे तोंड करून बसत नाहीं. त्याच्या दारांतून पुढची पिढी आंत येते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस 'किल्ड बाय डेथ' नांवाची संकलनमाला निघाली. हिच्यांत पंकच्या अतिदुर्मिळ तबकड्या कोणाचीहि परवानगी न घेतां छापल्या होत्या. पुढें तर कोणीहि उठावें आणि त्याच नांवानें पुढचा खंड काढावा, असें झालें. तिचा गुण म्हणजे तिची अधाशी, निर्भय आवड. गांवोगांवच्या पोरांचा आक्रोश एका दमांत ऐकावयास मिळतो, आणि त्यांतील उत्तम गाणीं अंगावर कांटा आणतात. दोष असा कीं, हिंसक आणि हिडीस तेवढें उचलून तिनें पंकचें एकच रूप रूढ केलें, आणि तिच्यांत नांव आलें कीं मूळ तबकडीचा भाव वाढे. वांटण्यासाठीं निघालेली माला व्यापाऱ्यांची यादी होऊन बसली.

याउलट अमेरिकेंतील चक वॉर्नर यांनीं ब्रिटनमधील स्वयंप्रकाशित तबकड्यांसाठीं 'मेसथेटिक्स' ही माला काढली. स्क्रिटी पोलिटीच्या एका गाण्याचेंच नांव तिला दिलें आहे. 'गबाळेपणाचें सौंदर्यशास्त्र' असा त्या जोडशब्दाचा भाव सांगतां येईल. तिच्या पुढील खंडांत प्रदेशवार मांडणी आहे, आणि जोडपुस्तिकेंत त्या त्या वृंदांची हकीकत दिलेली आहे. ही माला ऐकतांना संताप कमी आणि विक्षिप्तपणा, विनोद, लाजाळूपणा हे भाव अधिक जाणवतात. एखाद्या खोलींत चार मित्र बसून वाजवीत आहेत आणि आपण दाराशीं उभे आहोंत, असा भास होतो. निवड कित्येकदां सढळ झाली आहे. एक-दोन ऐकणींत विसरावीं अशींहि गाणीं तींत आहेत. तरी नांवगांवासह, स्थळकाळासह वांटणें हीच वांटण्याची उत्तम रीति, हें या मालेनें सिद्ध केलें आहे.

येथें कर्त्याच्या हक्काचा प्रश्न उपस्थित होतो. तो झटकून टाकण्याजोगा नाहीं. ज्यानें १५३ पौंड जमवून तबकडी काढली, त्याच्या गाण्यावर दुसऱ्यानेंच पैसे मिळवावे, हें कोणत्याहि न्यायांत बसत नाहीं. तेव्हां वांटणारानें नफा घेऊं नये, कर्ता सांपडत असेल तर त्याची संमति घ्यावी, आणि निदान त्याचें नांव तरी पुसूं नये, एवढीं पथ्यें पाळलींच पाहिजेत. पण जुनी तबकडी कितीहि महाग विकली गेली तरी कर्त्यास त्यांतून कवडीहि मिळत नाहीं, हेंहि विसरूं नये. कुलूप लावणारास कर्त्याच्या हक्काचा कळवळा येतो, तेव्हां तो बहुधा आपल्याच गुंतवणुकीचा कळवळा असतो.

हालाची गाथासप्तशती ही आपल्या महाराष्ट्री प्राकृताची वडिलोपार्जित ठेव. एक कोटि गाथांतून त्या सातशें निवडल्या, अशी परंपरा आहे. कोटीचा आंकडा अतिशयोक्तीचा असेल. पण त्यांतील तत्त्व खरें आहे. शेतांत, पाणवठ्यावर, घराच्या उंबऱ्यांत बोललीं गेलेलीं तीं दोन-दोन ओळींचीं सुखदुःखें निवडकारानें वेंचलीं नसतीं तर आज आपणांस त्यांचा मागमूस लागला नसता. न निवडतां कोटीची कोटी पुढें लोटली असती, तरीहि तीं हरवलींच असतीं. संग्राहकानें जपावें, जाणकारानें निवडावें आणि निवडलेलें चार जणांत न्यावें. हीं तीन कामें एकाच रसिकतेचीं अंगें आहेत.

ब्रिटिश नभोवाणीवरील जॉन पील यांच्या ठिकाणीं हीं तिन्ही एकवटलीं होतीं. २००४ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांच्या संग्रहीं सुमारें ४०,००० सिंगल्स होत्या. अनोळखी पोरांनीं टपालानें पाठविलेल्या तबकड्या ते रात्रीच्या कार्यक्रमांत देशभर ऐकवीत आले होते. एवढ्या ढिगांतून १४२ तबकड्या त्यांनीं एका पेटींत निराळ्या काढून ठेवल्या होत्या. चाळीस हजार हा त्यांचा संग्रह, आणि एकशें बेचाळीस ही त्यांची टीका. मधल्या सर्व रात्रीं त्यांनीं जें वाजविलें, तें मात्र त्यांनीं वांटलेलें धन. आणि ज्या वृंदांची पुढें भरभराट झाली त्यांतल्या कित्येकांनीं पहिलें धैर्य त्या धनांतूनच घेतलें. तबकडी खांचेखांचेनें झिजते, हें खरें आहे. पण न वाजवितां ठेवलेली तबकडी झिजत नाहीं याचें कारण, तिनें अद्याप कोणास कांहीं सांगितलेलें नसतें.